नवख्याचा हात

“बाई, पायात काय घातलंय?” वस्तादांनी विचारलं.

“चपला,” मी म्हटलं.

“त्या तिकडं काढा. आणि घड्याळ बी काढून ठेवा. हितं वेळ बघायची न्हाई.”

मी चपला काढल्या, घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि पदर कमरेला खोचून तांबड्या मातीत उभी राहिले. वय तेहेतीस, नोकरी टायपिस्टची, लग्न झालेलं नाही, आणि ताकद म्हणाल तर भरलेली कळशी नळापासून स्वयंपाकघरापर्यंत नेताना दोनदा टेकवावी लागायची. आमच्या घराण्यात कोणी कोणावर हात उचलल्याचं ऐकिवात नाही. झुरळ दिसलं तरी माझा दादा खुर्चीवर चढून वहिनीला हाक मारायचा. अशा घरातली मी कोल्हापुरातल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकायला उभी होते, आणि भिंतीशी लाठ्या घेऊन बसलेली पाच-सहा माणसं हसू दाबत होती.

“साडीत जमंल का?” त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

“तुझ्या पणजीनं साडीतच शेत नांगरलं,” वस्ताद म्हणाले. “गप बस. बाई, उजवा पाय पुढं.”

रंगराव सासने वस्तादांची आणि माझी ओळख झाली होती ती एका अर्जामुळे. मी ज्या वकिलांकडे काम करायचे, त्यांच्याकडे ते खंडेनवमीच्या खेळाच्या परवानगीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, बांबूसारखा सरळ माणूस. अर्ज संपल्यावर मी सवयीने दोन्ही हात मनगटातून झटकले. ते बघत होते.

“मुंग्या येत्यात?”

“येतात. आता सवय झाली.”

“मनगटाचा दोष न्हाई त्यात. पायाचा हाय. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवता, मग सगळा भार हातावर येतो. या तालमीत. पाय शिकवतो.”

मी हसून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून पाय जमिनीला नीट टेकवून बसले, आणि संध्याकाळी हात खरंच हलके होते. बारा वर्षं मी टायपिंग करत होते. एवढ्या वर्षांत डॉक्टरांपासून दादापर्यंत सगळ्यांनी माझ्या हातांना काही ना काही चोळायला सांगितलं होतं. माझ्या पायांकडे कोणी बघितलं नव्हतं. दसरा झाल्यावर मी तालमीत गेले.

तीन महिने त्यांनी मला फक्त पवित्रे शिकवले. म्हणजे पाय कसा टाकायचा, कसा मागे घ्यायचा, वळताना भार कुठे ठेवायचा. हातात काही नाही. मी रोज संध्याकाळी साडेसहाला येऊन मातीत पुढे-मागे चालायचे आणि घरी जायचे. दादा म्हणायचा, “एवढंच चालायचं असेल तर रंकाळ्यावर जा, तिथे भेळ तरी मिळते.” पण मला तिथे जावंसं वाटायचं. ऑफिसात मी टायपिस्ट होते, घरात लग्न न झालेली बहीण. तालमीत मी नुसती नवखी होते, आणि नवखं असणं हा तिथे कमीपणा नव्हता. उलट नवख्याला एक मान होता. तो मला उन्हाळ्यात कळला.

त्या दिवशी वस्तादांचा सगळ्यांत जुना शागीर्द मुश्ताक शिकलगार पट्ट्याला तेल लावत बसला होता. पट्टा म्हणजे हातभर नव्हे, चांगलं तीन हात लांब, लवलवतं पातं. त्याच्या मुठीला कोपरापर्यंत लोखंडी आवरण असतं; आत हात घालून आडवी दांडी मुठीत धरायची. मुश्ताकच्या घरात तीन पिढ्या हत्यारांना धार लावत आलेल्या. त्याच्याइतका पट्टा वस्तादांशिवाय कोणाला येत नव्हता.

“यंदा लिंबू तुम्ही धरणार, ताई,” तो म्हणाला.

“कसलं लिंबू?”

त्याने वर बघितलं. “खंडेनवमीला चौकात खेळ होतो. शेवटी वस्ताद माणसाच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापतात. दोन फोडी दोन बाजूला पडल्या पाहिजेत आणि हाताला ओरखडा नको. लिंबू तालमीतला सगळ्यांत नवा माणूस धरतो.”

“नवा का? तू का नाही?”

उत्तर वस्तादांनी दिलं. ते दारात उभे राहून ऐकत होते.

“मुश्ताकचा हात शहाणा हाय म्हणून. त्याला पट्टा कळतो. पातं येताना दिसलं की त्याचा हात मला मदत करायला जाणार. जरा वर, जरा खाली. त्याच्या मनात नसंल, तरी हात जाणार. नवख्याला काय बी कळत न्हाई. नवख्याचा हात भिऊन गप ऱ्हातो. मला गप हात पायजे.”

“आणि हलला तर?”

“आजवर हललेला न्हाई. हलला तर त्यानं परत तालमीत यायचं न्हाई. माझ्या वस्तादांचा नेम हाय तो.” मग ते जवळ आले, माझा डावा हात धरून उताणा केला आणि तळव्यावर बोट टेकवलं. “लिंबू ठेवलं की हा हात तुझा न्हाई. माझा. मी चौकात सगळ्यांदेखत विचारणार, हात कुणाचा? तू काय म्हणायचं?”

“तुमचा.”

“झालं. एवढंच काम.”

काम खरोखरच एवढंच होतं. आज मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि आयुष्यात मला एवढं सोपं काम दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात मी सकाळीही तालमीत जायला लागले. बाकीची मंडळी संध्याकाळी यायची. सकाळी फक्त वस्ताद असायचे. मागच्या अंगणात कमरेइतका उंच एक लाकडी ओंडका होता. त्याच्यावर लिंबू ठेवून ते वार करायचे. पातं वरून यायचं, लिंबातून जायचं आणि लाकडाला लागायच्या आत थांबायचं. मी पवित्रे करता करता तिरक्या नजरेने बघायचे.

पहिल्या दिवशी वार झाला, पण लिंबाच्या फोडी पडल्या नाहीत. वस्तादांनी ते उचललं, बघितलं आणि कोपरीच्या खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ते तोंड धुवायला गेले तेव्हा खिशातून पडलेलं लिंबू मी उचललं. लिंबू जवळजवळ पूर्ण कापलेलं होतं, फक्त तळाशी सालीची बोटभर पट्टी शिल्लक होती. दोन्ही फोडी तिला लोंबत होत्या. पातं बोटभर आधीच थांबत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी चहाचा पेला डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवर होता आणि ते तो हलकेच झटकत होते. ती झटक मी लाखांत ओळखली असती.

“वस्ताद, मुंग्या येतात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता रागावतील. पण ते हसले.

“टायपिस्टाला टायपिस्ट ओळखतो व्हय?”

“कधीपासून?”

“झाले चार-पाच महिने. बोटांना दांडी लागतच न्हाई. मुठीत हाय का न्हाई, समजत न्हाई. मग हात भितो आणि आधीच थांबतो.”

“मग यंदा लिंबू नका कापू. मुश्ताकला सांगू आपण.”

“मुश्ताकसाठीच कापायचं हाय.” त्यांनी पेला खाली ठेवला. “हे माझं शेवटचं वर्ष, हेमा. लिंबू झालं की चौकातच पट्टा मुश्ताकच्या हातात देणार. माझ्या वस्तादांनी मला असाच दिला. लिंबू साफ कापलं आणि तसाच, रस लागलेला पट्टा माझ्या हातावर ठेवला. चुकलेल्या हातानं पट्टा देत नसतात. लोंबतं लिंबू दाखवून मी त्याला काय देऊ?”

“दवाखान्यात तरी जाऊ या.”

“जाऊ की. खंडेनवमी झाली की तू म्हणशील तिथं येतो. तोवर कुणाला सांगायचं न्हाई. शपथ घे.”

मी घेतली. शपथ मोडली नाही मी. ती पाळली असं सांगताना मला काही अभिमान वाटतो असं मात्र नाही.

पुढचे दोन दिवस माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: चौक भरलेला आहे, हलगी थांबलीय, वार होतो, आणि माझ्या तळहातावर ते लिंबू सालीला लोंबतंय. लोक कुजबुजतायत. वस्ताद ते खिशात टाकायला हात पुढे करतायत. हाताला लागेल ही भीती मला नव्हतीच, हे आज विचित्र वाटेल. पातं आधी थांबत होतं, पुढे येत नव्हतं. मला भीती होती ती त्यांच्या फजितीची. अकरा महिन्यांत मला त्या माणसाचा लळा लागला होता. माझ्या पायांकडे बघणारा तो पहिला माणूस होता.

खंडेनवमीला सकाळी हत्यारांची पूजा झाली. वस्तादांच्या पत्नी, अनुकाकी, यांनी प्रत्येक लाठीला, तलवारीला आणि शेवटी पट्ट्याला हळद-कुंकू लावलं. माझ्याही कपाळाला लावलं. “भ्यालीस काय?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. “भी की जरा,” त्या म्हणाल्या. “भ्यालेलं बरं असतंय.”

संध्याकाळी उन्हं कलल्यावर चौकात खेळ सुरू झाला. हलगी कडाडत होती. लाठी झाली, तलवार झाली, मुश्ताकने पट्टा असा फिरवला की बायकांनी पोरांना मागे ओढून घेतलं. मग तो बाजूला झाला, आणि वस्ताद पुढे आले. हलगी थांबली.

मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि डावा हात पुढे केला. वस्तादांनी लिंबू ठेवलं. पट्ट्याचं टोक हळूच लिंबाला टेकवून माप घेतलं आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “हात कुणाचा?”

“तुमचा, वस्ताद.”

ते तीन पावलं मागे गेले. गर्दीत दादा आणि वहिनी दिसत होती. मुश्ताक अनवाणी, हात जोडून उभा होता. वस्तादांचे पाय मला दिसले. उजवा, डावा, उजवा. तेच पवित्रे, जे मी तीन महिने घोटले होते. मग पातं वर गेलं आणि खाली आलं.

मला दुखलं नाही. लिंबाचा वास आला. दोन फोडी दोन बाजूंना पडल्या, अगदी साफ. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवल्या. मग मी माझ्या हाताकडे बघितलं.

वस्तादांनी हातातला पट्टा काढला. टाकला नाही, खाली मातीवर नीट ठेवला. डोक्याचा पटका सोडून त्यांनी माझ्या हाताला करकचून बांधला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या, पण सांगितलं की ही बोटं आता पूर्वीसारखी वाकायची नाहीत. दादा कॉटशेजारी फेऱ्या मारत होता. “केस करतो मी त्या म्हाताऱ्यावर,” तो म्हणत होता. “त्याला या वयात हे धंदे सुचतायत आणि माझ्या बहिणीचा हात गेला.” झुरळाला भिणाऱ्या माझ्या दादाला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी केसचा विषय बंद करायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवायला घरी गेला होता, तेव्हा वस्ताद आले. एका दिवसात म्हातारे दिसायला लागले होते. डबा टेबलावर ठेवला, स्टुलावर बसले.

“हेमा, एकच विचारतो,” ते म्हणाले. “खरं सांग. मी रागवायचा न्हाई. हात हलला काय गं तुझा?”

आता सांगते. हात हलला होता.

पातं खाली येताना मला ती सालीची पट्टी दिसली. खरी नव्हे, मनातली. मला वाटलं, आता हे बोटभर आधी थांबणार. आणि माझा हात बोटभर वर गेला. मी ठरवलं नव्हतं. तळहात आपणहून लिंबू घेऊन पात्याला सामोरा गेला, त्यांना मदत करायला. अकरा महिन्यांत मी नवखी राहिले नव्हते, आणि हे मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नाही हलला, वस्ताद.”

त्यांनी मान डोलावली. “तेच म्हटलं. नवख्याचा हात हलत न्हाई. मग माझाच चुकला.” ते उठले. “डब्यात शिरा हाय. काकीनं केलाय. गरम हाय तोवर खा.”

मी खोटं का बोलले याची चांगली-चांगली कारणं मला पुढे सुचली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का हलवलास? मग मला म्हणावं लागलं असतं, तुमच्या हातावर माझा भरवसा नव्हता. ते त्यांना पट्ट्यापेक्षा जास्त लागलं असतं, वगैरे. पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. हात हलला तर परत तालमीत यायचं नाही, एवढंच मनात होतं. मला परत जायचं होतं. मी भ्याले आणि खोटं बोलले.

संध्याकाळी मुश्ताक आला. तो दाराशीच उभा राहिला.

“ताई, मला काहीच समजत नाही,” तो म्हणाला. “काल सकाळी पूजेच्या आधी वस्तादांनी मला बोलावलं. म्हणाले, मुठीच्या दांडीला ओलं फडकं गुंडाळ, जाड कर, मला दांडी हाताला लागली पाहिजे. मी गुंडाळलं. मग ओंडक्यावर तीन लिंबं कापली त्यांनी माझ्यासमोर. तिन्ही साफ. लाकडाला खरचटलंसुद्धा नाही. हात एकदम बरोबर येत होता. आणि संध्याकाळी...”

मी भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं मला दुखतंय, म्हणून तो नर्सला बोलवायला गेला.

म्हणजे त्यांचा हात त्या संध्याकाळी बरोबर होता. बोटभर आधी थांबणार नव्हता, थांबायचा तिथेच थांबला होता. वर आली होती ती मी. तेव्हा मी उठून, वाटलं तर अनवाणी, जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खोटं पहिल्यांदा बोलताना एक शब्द लागतो. ते मागे घ्यायला मात्र मला एवढ्या वर्षांत पुरेसे शब्द सापडले नाहीत.

दोन महिन्यांनी मी तालमीत गेले. पट्टा मारुतीच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेला होता. मुश्ताक दुसरं, साधं पातं घेऊन शिकवत होता. वस्ताद भिंतीशी बसून नव्या मुलांचे पाय सुधारत होते. मला बघून म्हणाले, “ये. उजवा पाय पुढं.” बाकी कोणी चकार शब्द काढला नाही. उलट एकाने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ती माणसं माझ्याशी इतकी चांगली वागली की मला तिथे उभं राहवेना. आठवडाभर गेले, मग जाणं सोडलं. ज्या जागेसाठी खोटं बोलले, ती जागा मला आठ दिवससुद्धा लाभली नाही. पुढच्या वर्षी गडहिंग्लजच्या एका वकिलांकडे काम मिळालं आणि मी कोल्हापूर सोडलं. आठ बोटांनी टाइप करायला शिकले. पाय मात्र जमिनीला टेकवून.

पहिल्या दिवाळीला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक बरणी आली. लिंबाचं लोणचं. सोबत काकींच्या शेजारणीने लिहिलेली चिठ्ठी: ‘आठवणीनं खाणे. वस्ताद बरे आहेत.’ पुढच्या दिवाळीला पुन्हा. दर दिवाळीला. लोणचं झकास असायचं, फक्त त्यात एक गंमत होती. आपण लोणच्याला लिंबाच्या चार किंवा आठ फोडी करतो. काकींच्या बरणीत फक्त अर्धी लिंबं असायची. मी म्हणायचे, काकींना बारीक चिरायचा कंटाळा असावा. गडहिंग्लजच्या माझ्या मैत्रिणींमध्ये ‘हेमाताईंचं आळशी लोणचं’ म्हणून ते प्रसिद्ध होतं.

पत्र मी तीनदा टाइप केलं. टायपिंगची एकही चूक नव्हती. तिन्ही वेळा फाडलं.

अकराव्या वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी, मुश्ताकचा फोन आला. वस्ताद सकाळी अंगणात बसले आणि बसल्या जागी गेले. मी पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते, घरातली पाहुणे मंडळी पांगली होती. काकी मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तोच ओंडका तिथे होता, आणि त्याला टेकून पट्टा ठेवला होता. मुठीच्या आतल्या दांडीला फडकं गुंडाळलेलं होतं.

“हा इथे कसा?” मी विचारलं. “हा तर तसबिरीखाली टांगलेला असायचा.”

“दिवसा असायचा,” काकी म्हणाल्या. “पहाटे काढून आणायचे. लोक उठायच्या आत परत टांगायचे. मुश्ताकलासुदिक म्हाईत न्हवतं.”

“काय करायचे?”

“लिंबू कापायचे. रोज एक. ह्या वंडक्यावर.” त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. “तू दवाखान्यातनं घरी गेलीस त्या दिवसापास्नं. पावसात बी खंड न्हाई. कापायचे, फोडी दोनीकडं पडायच्या, आणि मग खाली वाकून लाकडावर हात फिरवायचे. कुठं चीर पडलीय का बघायचे. नसायची. मग मला विचारायचे, ‘मग त्या दिवशी काय झालं गं?’”

मी ओंडक्याजवळ गेले. चांगला हात फिरवून बघितला, उजवा आणि मग डावाही. वरचं लाकूड लिंबाच्या रसाने काळपट, गुळगुळीत झालं होतं. अकरा वर्षं, रोज एक वार. एकही चीर नव्हती.

“एवढ्या लिंबांचं काय करायचात?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

“वाया कशाला घालवायची?” काकी म्हणाल्या. “उन्हाळ्यात सरबत. बाकीची मीठ लावून ठेवायची. पयली बरणी तुला धाडायची, हे त्यांनीच ठरवलं हुतं. म्हणायचे, पोरीचा हात आपण घेतला, तिच्या ताटात कायतरी आपलं असू दे.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“काकी,” मी म्हटलं, “माझा हात हलला होता.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“त्यांनी दवाखान्यात विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले. मी हात वर उचलला होता. त्यांचा वार बरोबर होता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.”

मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा रडतील. निदान मला उठून जायला सांगतील. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, ती दोन ताठ बोटं चाचपून बघितली.

“दुखत्यात?”

“थंडीत.”

त्या हात तसाच धरून बसल्या. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, “चार हजार वेळा विचारलं असंल त्यांनी मला. मी म्हणायची, मला अडाणी बाईला काय म्हाईत.” मग त्यांनी माझा हात माझ्या मांडीवर ठेवून दिला. “आता मला सांगून काय करू, बाई? इचारणारा गेला की.”

मी रडत होते. त्या रडल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या.

“ही यंदाची,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नावाची भरून ठेवली हुती. ने. तुझी म्हणून ठेवलेली मी कुणाला देऊ?”

निघताना मी मुश्ताकच्या दुकानात गेले आणि त्यालाही सांगितलं. त्याने धारेचं चाक थांबवलं, सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, पट्टा तुझाच आहे, लिंबू साफच कापलं होतं त्यांनी, आता तरी घे. तो म्हणाला, “द्यायचं त्यांनी होतं, ताई. भिंतीवरचा काढून घेतला तर ती चोरी होईल.” मग तो परत चाक फिरवायला लागला. पट्टा अजून तिथेच आहे, असं ऐकते.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती, पण खिडकीची जागा मिळाली. बरणी मांडीवर घेऊन बसले. काचेतून अर्धी-अर्धी लिंबं दिसत होती, एकावर एक रचलेली, प्रत्येक अगदी मधोमध कापलेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “खाली ठेवता का? रस्ता लई खराब हाय.” मी नको म्हटलं. डावा तळहात उताणा करून बरणीच्या बुडाखाली धरला आणि गडहिंग्लज येईपर्यंत हलू दिला नाही.